विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी पालकांची आघाडी : बांधायची कशी, टिकवायची कशी? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगलीचे दहा आणि साताऱ्याचे अकरा, मिळून एकवीस तालुके. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे प्रकारही एकवीसच. प्रत्येक तालुक्यात प्रत्येक प्रकाराच्या पालकांनी वेगळा गट काढला तर किती गट होतील, हा गुणाकार तिसरीतलं पोरही करेल. होतंही साधारण तसंच. कर्णबधिर मुलांचे पालक सोमवारी निवेदन देतात, स्वमग्न मुलांचे गुरुवारी, आणि साहेब दोघांनाही "बघतो" म्हणून वाटेला लावतात. एकत्र यायला हवं हे सगळेच बोलतात. ते धरून चालू आणि पुढचं बोलू.

पहिला खडक म्हणजे "विशेष शाळा की साधी शाळा?" हा वाद. पहिल्याच बैठकीत तो निघतो आणि दुसऱ्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तो सोडवत बसू नका, कायद्याने आधीच सोडवलाय. कलम ३१ म्हणतं की लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के किंवा जास्त) असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यातले "किंवा" आणि "पसंती" हे दोन शब्द एका कागदावर लिहा आणि सगळ्या गटांच्या सह्या घ्या. विशेष शाळा चालवणाऱ्या संस्थेलाही सही करता येते आणि समावेशनाचा आग्रह धरणाऱ्यालाही.

दुसरी मेख : ४० टक्क्यांची अट कलम ३१ ला आहे, कलम १६ ला नाही. प्रवेशात भेदभाव नको, इमारत वापरता यावी, मुलागणिक लागणारी सोय द्यावी, अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी, ने-आण करावी, हे सगळं कलम १६ मध्ये आहे. म्हणून ३० टक्क्यांचा दाखला असलेल्या पालकाला "तुमचं बसत नाही" म्हणून परत पाठवू नका.

कोअर ग्रुप नऊ ते अकरा जणांचा ठेवा. सातच्या खाली गेलात की दोघं आजारी पडल्यावर काम थांबतं, पंधराच्या वर गेलात की चहाच जास्त होतो. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, कर्णबधिर, अंध-अल्पदृष्टी, सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमता यांतला प्रत्येकी एक पालक तरी हवाच. निम्म्या आया हव्यात, कारण थेरपीच्या फेऱ्या आणि शाळेतल्या हेलपाट्यांचा तपशील बहुतेक वेळा त्यांच्याकडे असतो. आणि एक नियम लेखी असावा : ज्या प्रकाराबद्दल निर्णय, त्या प्रकाराच्या पालकांनी नाही म्हटलं तर तो निर्णय होत नाही. बाकी ठिकाणी बहुमत.

डॉक्टर, थेरपिस्ट, संस्थाचालक, निवृत्त शिक्षक सल्ल्याला असावेत, मतदानाला नकोत. संस्थाचालकाचं अनुदान त्याच दिव्यांग कल्याण विभागातून येतं ज्याच्याविरुद्ध उद्या तक्रार करायची वेळ येऊ शकते. माणूस कितीही भला असला तरी त्याला त्या पेचात टाकू नये.

दुरुस्त्या सुचवा.

---

बारनिशी

मुद्दे पटले. पण कार्यालयात गाडी कुठे अडते ते लिहितो, कारण आघाड्या फुटतात त्या बऱ्याचदा भांडून नाही, सहा महिने काहीच न घडल्यामुळे.

पहिलं, टेबल चुकतं. साध्या शाळेत शिकणारं दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाचं : केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेत समग्र शिक्षाचे (शालेय शिक्षणाची सरकारी योजना) समावेशित शिक्षण समन्वयक, त्यांच्यावर शिक्षणाधिकारी. विशेष शाळेतलं मूल दिव्यांग कल्याण विभागाचं, आणि हा विभाग राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र आहे. दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आरोग्याकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयाकडे. तिन्ही मागण्या एका निवेदनात घातल्या की ते तीन टेबलांवर फिरतं आणि कुठेच मुक्कामाला राहत नाही. एक निवेदन, एक खातं, जास्तीत जास्त दोन मागण्या, एक पान.

दुसरं, फोटो. निवेदन साहेबांच्या हातात देतानाचा फोटो पेपरात येतो आणि कागद टेबलावरच राहतो. निवेदन आधी बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर द्या. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का पुसट आला तर लगेच दुसरा मारून मागा, नंतर झेरॉक्सवर आकडा उठत नाही. मग साहेबांना भेटा, आणि भेटीत आवक क्रमांक सांगा.

तिसरं, पाठपुराव्याचं पत्र. "आमच्या मागण्यांकडे दुर्लक्ष झाले आहे" असं लिहू नका. "संदर्भ : आमचे निवेदन, आवक क्र. अमुक, दि. अमुक. यावर झालेली कार्यवाही कळवावी" एवढ्या दोन ओळी पुरतात. कारकुनाला फाईल वर काढायला संदर्भ लागतो, संताप नाही.

---

फळ्यावरचा खडू

शाळेच्या आतल्या बाजूने लिहितो. आघाडीने शिक्षकाला विरोधी पक्ष समजलं की संपलं. समग्र शिक्षातले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करत आलेत. त्यांच्या सह्या मागू नका, स्टेजवर बोलावू नका. त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्या : कुठल्या शाळेत काय अडतं याची समज.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये प्रमाण ठरवलं : प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पदं जाहीर करायला सांगितलं. आपल्याकडे शाळांच्या केंद्राच्या (समूहाच्या) पातळीवर ४,८६० पदांचा निर्णय झाला, म्हणजे अशा केंद्राला एक. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या केंद्रात एका माणसाने सगळ्या वाड्यांवर फिरायचं म्हटलं तर आठवडा रस्त्यातच जातो. "विशेष शिक्षक द्या" ही मागणी म्हणून ढोबळ पडते. "अमुक केंद्रात २८ दिव्यांग मुलं प्राथमिकला, प्रमाणाने तीन शिक्षक हवेत, आहे एक, तोही तीन केंद्रांत विभागलेला" असं लिहिलं की शिक्षणाधिकाऱ्यांना पुढे पाठवायला मजकूर मिळतो. (आकडे उदाहरणादाखल. आपापल्या केंद्राचे टाका.)

आणि शाळा व्यवस्थापन समिती विसरू नका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात किमान ७५ टक्के आई-वडील किंवा पालक असतात आणि निम्म्या महिला. प्रत्येक शाळेत आपला एक पालक समितीत गेला तर निम्मं काम तिथेच होतं.

---

माणगंगा

शहरातल्या आराखड्याने गावाकडचं काम करू नका, एवढंच सांगायला आलो होतो, पण लांबणार.

जतहून सांगली ऐंशी किलोमीटरच्या वर. तिथल्या आईला "रविवारी अकराला विश्रामबागेत या" म्हणजे सकाळी सहाला घर सोडा, सोबत चालता न येणारं मूल घ्या. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत असली तरी बसची वेळ त्यासाठी बदलत नाही. बैठका तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावात, दुपारी बारा ते दोन अशा ठेवा. त्या दिवशी लोक तसेही येतात.

हंगाम बघा. तासगाव-पलूसच्या बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीत आणि जानेवारी ते मार्चच्या द्राक्षकाढणीत बोलावू नका. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नोव्हेंबर ते मार्च गावात नसतात, आणि नेमका त्याच काळात शाळांचा पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो. म्हणून त्यांच्या सह्या आणि मुलांचे तपशील दसऱ्याच्या आत गोळा करा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेकाठच्या गावांवर बैठक लादू नका, पाणी चढलं की तुमची बैठक कोण विचारतो.

भाषेचं. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. पालकांना द्यायचं माहितीपत्रक कन्नडमध्येही हवं. कर्णबधिर पालक असतील तर दुभाष्या आधी ठरवा, ऐनवेळी कुणाच्या तरी मुलीला उभं करू नका.

आणि माण-खटाव, जत-आटपाडीच्या प्रवास भत्त्याचा प्रश्न वेगळा, महाबळेश्वर-जावळीचा वेगळा. कोयनेच्या फुगवट्याकाठच्या वाड्यांवरून लाँचने येणाऱ्या पोराला बसभाड्याचा हिशेब लावून काय उपयोग?

---

उतारावरचा दगड

छोट्या मागणीचं एक नमुना उदाहरण देतो, कारण "पहिला विजय लहान असावा" असं सगळे म्हणतात आणि लहान म्हणजे काय ते सांगत नाहीत.

रॅम्प. "शाळेत रॅम्प करा" म्हटलं की ग्रामपंचायत दोन पाट्या सिमेंट टाकून घसरगुंडी करून देते. फोटो निघतो, विषय बंद. चाकाची खुर्ची काही चढत नाही. मागणीत मापं लिहा : चढ १ ला १२. जोतं दीड फूट असेल तर उताराची लांबी १८ फूट. रुंदी किमान चार फूट. वर दारासमोर पाच फुटांची सपाट जागा, नाहीतर खुर्ची उतारावर धरून दार उघडायला दुसरा माणूस लागतो. दोन्ही बाजूंना कठडा. फरशी खरखरीत, पॉलिशची नको. १८ फूट सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा. आणि उतार संपतो तिथून फाटकापर्यंत रस्ता बघा. चिखल असेल तर रॅम्प हा फक्त देखावा.

पैसा? ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत ठराव मांडा, आणि ठरावात वरची मापं शब्दशः घाला. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घेतल्याशिवाय हलू नका.

---

फुलपाखरू_वाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका : आघाडीची नोंदणी करायची का? आमच्याकडे यावरूनच दोन तट पडलेत.

---

कृष्णाकाठ

ताई, पहिल्या वर्षी नकोच. नोंदणी म्हणजे किमान सात सदस्य, घटना, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब, लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. आणि मुख्य म्हणजे अध्यक्ष कोण हा प्रश्न. तो प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी आला की तट पडतात, काम चालू असताना आला तर उत्तर समोर दिसत असतं. निवेदन द्यायला, सभेला जायला, माहिती अधिकार वापरायला नोंदणी लागत नाही. माहितीचा अर्ज तर नागरिक म्हणून व्यक्तीनेच करायचा असतो.

अडतं फक्त पैशांपाशी. त्याला उपाय : शक्यतो रोख वर्गणी गोळाच करू नका. झेरॉक्स अमुक गटाने, हॉल तमुक गटाने, असं वस्तूंत वाटून घ्या. ज्या दिवशी सरकारी किंवा सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा) निधी घ्यायचा ठरेल त्या दिवशी नोंदणीचं बघू.

---

बारनिशी

नोंदणीवरून आठवलं, लोकशाही दिनाचा (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) सापळा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तहसीलला तिसऱ्या सोमवारी. आघाडीच्या लेटरहेडवर सामूहिक निवेदन घेऊन गेलात की परत पाठवतात, कारण तिथे तक्रार वैयक्तिकच चालते. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी तालुक्याला जाऊन आलेला असावा लागतो.

याचा उलटा फायदा घ्या. आघाडी म्हणून एक अर्ज करण्याऐवजी एकाच तालुक्यातल्या बारा पालकांनी आपापल्या मुलाच्या नावाने बारा अर्ज करावेत, प्रत्येकाची तक्रार खरी आणि वेगळी, पण विषय एक : मदतनीस भत्ता (मुलाला शाळेत ने-आण करणाऱ्या सोबत्यासाठीचा). मसुदा छापील वापरू नका, हाताने लिहा. एकसारखे बारा अर्ज "एकत्रित निकाली" म्हणून एका ओळीत जाऊ शकतात, वेगवेगळ्या बारांना बारा उत्तरं द्यावी लागतात.

---

आकडेमोड

बैठकीत "शेकडो मुलं वंचित" म्हणणारे खूप, आकडा मागितला की शांतता. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना देतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून असा आवळलाय :

"विषय : समग्र शिक्षा, समावेशित शिक्षण, मिरज तालुका, मागील दोन शैक्षणिक वर्षे.
१. यू-डायसनुसार दिव्यांग विद्यार्थ्यांची प्रकारनिहाय व इयत्तानिहाय संख्या.
२. विशेष शिक्षकांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे.
३. प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता : लाभार्थी संख्या, वाटलेली रक्कम, वाटपाचा दिनांक.
४. गृहाधारित शिक्षणातील मुलांची संख्या व भेटींच्या नोंदवहीच्या प्रती, मुलांची नावे झाकून."

दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपये. दुसरं अपील नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

नेहमीच्या चुका : "भत्ता का दिला नाही?" असा प्रश्न विचारणं. कायदा आहे ती माहिती देतो, कारणमीमांसा नव्याने लिहून देत नाही. मुलांची नावं मागणं, ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जातात आणि मागूही नयेत. आणि दहा तालुक्यांचा एकच अर्ज करणं. दहा जणांनी दहा करा, उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. ज्या तालुक्याचा आकडा संशयास्पद कमी, तिथे मुलं कमी नसतात, नोंद कमी असते. यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) मुख्याध्यापकाने प्रकार भरलाच नाही तर ते मूल आराखड्याच्या लेखी नसतंच.

---

कराडची_मावशी

पहिली मागणी दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींची घ्यावी असं माझं मत. तारीख ठरलेली, नियम स्पष्ट, निकाल तीन महिन्यांत दिसतो. सांगली-सातारा-कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांचं विभागीय मंडळ कोल्हापूरला, म्हणजे जायचं दारही एकच. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, हे मिळतं. चुकतं ते असं की दाखल्यासाठी धावपळ जानेवारीत सुरू होते, तोवर अर्ज भरून गेलेला असतो आणि त्यात दिव्यांगत्वाचा रकाना कोरा. नववीचं वर्ष संपताना दाखला हातात पाहिजे. लेखनिक खालच्या इयत्तेचा लागतो, आणि त्याची सराव बैठक निदान तीनदा घ्या. गणितात आकृती तोंडी सांगून काढून घेणं हे शिकावं लागतं, दोघांनाही.

---

माणगंगा

मावशी, मुद्दा चांगला, पण पहिली मागणी म्हणून नको. दहावीपर्यंत पोचलेल्या पोरांच्याच आया खूश होतील. ज्यांचं पोर चौथीनंतर घरी बसलंय ती बाई म्हणेल, "माझं काय?" आणि ती गेली की आघाडी परत शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या पालकांची होते.

---

कृष्णाकाठ

दोन्ही बरोबर. म्हणून जोडीने घ्या : एक सवलतींची, एक गृहाधारित शिक्षणाची, म्हणजे शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याची. आरटीई कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुदिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला, पण त्याचा अर्थ शाळेने मुलाला कायमचं घरी पाठवावं असा लावला जातो. मागणी अशी मांडा : भेटीची वही पालकाकडे राहील, प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, काय शिकवलं आणि दोघांच्या सह्या. रुपयाचाही खर्च नाही, त्यामुळे "तरतूद नाही" म्हणता येत नाही. आणि वर्षाने त्या वह्या एकत्र ठेवल्या की दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० खाली पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जायला पुरावा तयार. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं (कलम ८१).

---

फळ्यावरचा खडू

वहीला अनुमोदन. फक्त ती शिक्षकाला पकडण्यासाठी आहे असं वाटू देऊ नका. रस्ता बंद, मूल आजारी, मीटिंग लागली, असल्या कारणांचाही रकाना ठेवा. मग तीच वही शिक्षकाला जादा केंद्रं लादली जातात याचा पुरावा होते आणि तो स्वतःहून भरतो.

---

फुलपाखरू_वाई

ग्रुपवर मुलांचे फोटो टाकावेत का? निवेदनाला जोडले तर परिणाम होतो म्हणतात.

---

बारनिशी

नको. निवेदन कुणाच्याही हातात जातं, तिथून पेपरात. रॅम्पचा फोटो जोडा, टेप लावून, आकडा दिसेल असा. ग्रुपवर दाखले, आधार, यूडीआयडी कार्ड टाकायला बंदी घाला आणि "शुभ सकाळ"लाही. ग्रुप दोन ठेवा : एकात फक्त सूचना, तीन ॲडमिन, बाकीच्यांना लिहिता येत नाही. दुसऱ्यात काय बोलायचं ते बोला.

आणि निवडणुकीच्या तोंडावर जपून. आचारसंहितेत निवेदन देता येतं, पण नवी घोषणा मिळणार नाही. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र द्या. स्टेजवर कुणालाच नको.

---

माणगंगा

कन्नड पानाचं कुणी बघतंय का? मराठी मजकूर कलम ३१, भत्ते आणि दाखला एवढाच घेतलाय, एका बाजूत बसतो.

---

जतकर

पाठवा, करून देतो. पण दोन गोष्टी. अक्षर मोठं ठेवा, सोळाच्या खाली नको, आज्या वाचतात आमच्याकडे. आणि "समावेशित शिक्षण" हा शब्द काढा, मराठीत कळत नाही तर कन्नडमध्ये कुठनं कळायचा. "गावच्याच शाळेत, सगळ्यांबरोबर" असं लिहितो.